पुरजळकरांचं ग्राफिक कार्ड

नवरीने हार घालायला हात वर केले आणि लॅपटॉप थांबला. मी चहा करून आलो तरी हात वरच. चहा प्यायलो, कप विसळला, नळाला पाणी आलंय का बघून आलो, आलं नव्हतं. परत येऊन पाहतो तर नवरी तशीच, नवरदेव मान पुढे काढून उभा आणि मागे भटजी तोंड उघडं ठेवून अडकलेले. एवढ्या वेळात खऱ्या लग्नात पहिली पंगत उठते. त्याच दिवशी मी ठरवलं, बस्स झालं, आता या लॅपटॉपचं काहीतरी करायचं.

माझा धंदा लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचा. शूटिंग करणारे वेगळे; ते कार्यालयात फिरतात, जेवतात, नवरदेवाच्या मित्रांशी भांडतात. मी वसमतच्या या खोलीत बसून नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलात बसवतो, सासऱ्यांना ढगातून उतरवतो आणि मंगल कार्यालयामागच्या हळदीच्या गोदामाच्या जागी बर्फाचे डोंगर उभे करतो. लॅपटॉप नांदेडहून सेकंडहँड घेतलेला, कुठल्यातरी कंपनीच्या साहेबाचा. पत्रं लिहावीत, आकडेमोड करावी, झाकण लावून घरी जावं, अशा सवयीत वाढलेला. त्याच्यावर सासरे उतरवायचे म्हणजे बिचाऱ्याला घाम फुटायचा. शिवाय पोटही भरलेलं. नवीन लग्न आत घ्यायचं तर जुनं कोणाचंतरी मोडावं लागे.

या धंद्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या लोकांना मी जेवताना पाहिलंय. कोण भाताचा डोंगर करतो, कोणाची मावशी मानाची साडी पाहून तोंड फिरवते, कोण वरातीत नाचताना रडतो, सगळं मला ठाऊक. एसटी स्टँडवर ही माणसं दिसली की मी घरच्यासारखा हसतो आणि ती दचकून खिसा चाचपतात. त्यांनी मला कधी पाहिलेलंच नसतं. दिवसभर हजार पाहुण्यांत वावरून संध्याकाळी मी कुकरला एक वाटी तांदूळ लावतो.

सौभाग्यवती पुण्याला आहेत. आमच्या अनुश्रीच्या बाळंतपणाला गेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. आमच्याकडे माहेरच उठून पुण्याला गेलं आणि मी तेवढा मागे राहिलो. सव्वा महिन्याचं म्हणून गेलेली बायको. आता नात गुंजन चांगली बोलायला लागली आहे. व्हिडिओ कॉल केला की माझा चेहरा पडद्यावर अर्धा येऊन थांबतो, आणि ती कार्टी टाळ्या वाजवून सांगते, "आजी, आबा अडकले!"

अनुश्री म्हणते, "बाबा, दुकान बंद करा, इकडे या." मी म्हणतो, "धंदा कोण बघेल?" ज्योती, म्हणजे सौभाग्यवती, दोन्ही बाजूंनी काहीच म्हणत नाही. आणि "तू परत ये" असं म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. आमच्या वडिलांनी आईला उभ्या जन्मात "ये" म्हटलं नाही. "पाहुणे येणार आहेत" असा निरोप माहेरी धाडायचे. बोलवायला काम लागतं. तेव्हा माझा बेत असा होता: लॅपटॉप वेगवान करायचा, कामं वाढवायची, आणि मग फोन करून तक्रारीच्या सुरात सांगायचं की पसारा फार झालाय, एकट्याने आवरत नाही, तू आलेली बरी. ती यावी एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. बाकी जगाला मी धंद्याचं कारण सांगितलं.

लॅपटॉप काखोटीला मारून स्टँडसमोर बुद्धभूषणच्या दुकानात गेलो. बुद्धभूषण कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण बोलतो सिव्हिल सर्जनसारखा.

"पेशंट कधीपासून असा करून राहिला, काका?"

"सहा महिने झाले असतील."

"आणि तुमी आत्ता आणून राहिले," असं म्हणून त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी घरच्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवलं असावं. मग त्याने झाकण उघडलं. आतून निघालेला धुळीचा गोळा मला दाखवला. निदान असं: जुनी डिस्क काढून मोठी नवी एसएसडी टाकायची, म्हणजे पोटाचा प्रश्न मिटला. ते त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"आणि ग्राफिक कार्ड?" मी विचारलं. हा शब्द मी यूट्यूबवर शिकून गेलो होतो.

"ते आत बसत न्हाई काका. या लॅपटॉपात ते बोर्डालाच चिकटलेलं ऱ्हातं. बाहेरून डबा जोडावा लागंल. डब्यात कार्ड, डब्याला वेगळी वायर. तुमचं नशीब, साहेबाचा लॅपटॉप हाय, त्याला ते भोक हाय."

डब्याचा फोटो पाहिला. लॅपटॉपच्या तिप्पट. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार. पण ज्योतीला बोलवायचं तर मोती घालणं भाग होतं. मी हो म्हणालो.

इथवर सगळं ठीक होतं. नेमका त्याच वेळी शेजारचा हॉटेलवाला पुंजाजी चहा घेऊन आत आला, आणि बुद्धभूषण मला म्हणाला, "कार्ड आठवड्यात येईल. आधार जवळ ठेवा, कुरिअरवाला मागतो. आणि काका, आता कार्डाशिवाय कोणाचंच काम होणार न्हाई बघा."

पुंजाजीने एवढंच ऐकलं. त्याने चहाचे पेले ठेवले आणि घाईघाईने निघून गेला. मला वाटलं, गिऱ्हाईक असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गंगूताई दारात. सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच, एका डोळ्याला मोतीबिंदू. पण गल्लीत काय चाललंय ते उरलेल्या डोळ्याने सगळं बघतात. हातात वाटी होती, वाटीत पिठलं होतं आणि आवाजात दुखावलेपण.

"भाऊ, तुमी कार्ड काढलं म्हनं. आमाला काहून सांगितलं न्हाई?"

"कोणतं कार्ड?"

"गरापिक."

मी हसलो. ते चुकलंच. गंगूताईंना वाटलं, मी लपवून राहिलोय. मग मी त्यांना बसवलं आणि नीट समजावून सांगितलं की बाई, हे सरकारी कार्ड नाही, हे लॅपटॉपमध्ये असतं.

"आजकाल समदी कार्डं लॅपटॉपमंदीच ऱ्हातात," त्या म्हणाल्या. "रेशनचं बी तितंच हाय. अंगठा लावला की दिसतं."

"तसं नाही हो. या कार्डाने चित्र स्पष्ट दिसतं. आत्ता अंधुक, अडकत-अडकत दिसतं, ते झरझर दिसायला लागतं."

गंगूताई एकदम उठून उभ्या राहिल्या. "मंजी डोळ्याचं हाय!"

आता सांगा, यात माझं काय चुकलं? मी एक शब्द खोटा बोललो नव्हतो. पण दुपारपर्यंत गल्लीत, संध्याकाळपर्यंत मोंढ्यात आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जवळा बाजार गावापर्यंत बातमी गेली की नवीन कार्ड निघालंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकटात होतं, आणि वसमतला पुरजळकर म्हणून एक आहेत, त्यांनी पहिलं काढलं.

लोक यायला लागले. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, कोणी जातीचा दाखलाही आणलेला. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला सगळं समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "ते ठीक हाय, पन आमचं कवा निघंल?" एकाने तर, "साहेब, घरच्या समद्यांची नावं एकाच कार्डात बसतात का?" असं विचारून सात नावांची यादी पुढे केली. मला साहेब कोणी म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. मी यादी परत केली, पण जरा हळूच केली.

हळूहळू लोकांची ये-जा अंगवळणी पडली. झेरॉक्सचं निमित्त, पण आली की माणसं बसायची. गंगूताई सकाळीच येऊन जागा धरत. सिद्धेश्वरहून रामजी नावाचे एक म्हातारे आले. उमेदीत धरणावर मासेमारी केलेली, आता दोन्ही डोळे अधू. वेळ घालवायला म्हणून मी जुनी लग्नं लावली. नव्या एसएसडीत ती आता भराभर उघडत होती. रामजी पडद्याला नाक लावून बघत बसले आणि एकदम म्हणाले, "ही तर आमची राणी! मंगं तो पायजम्यातला मीच की!" त्यांच्या लेकीचं लग्न मीच मिक्स केलं होतं, रामजींना मी स्वतः ढगातून उतरवलं होतं. सगळी खोली हसली. पुंजाजी किटली घेऊन आत-बाहेर करत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माझे पाहुणे पडद्यावर न पाहता समोर बसलेले पाहत होतो.

त्यानंतर मी "असं कार्डच नाही" म्हणायचं सोडून दिलं. कोणी विचारलं, "कार्ड आलं का?" तर म्हणायचो, "अजून आलं नाही." हे अक्षरशः खरं होतं. कुरिअर पोचलंच नव्हतं.

मग कचेरीतून बोलावणं आलं. कुठल्या कचेरीतून ते सांगत नाही, मला पुढे उत्पन्नाचा दाखला लागणार आहे. झालं होतं असं की काही मंडळी तिथे जाऊन ग्राफिक कार्डाची चौकशी करून आली. तिथल्या भागवतसाहेबांनी "असं काही नाही" म्हणून त्यांना वाटेला लावायचं की नाही? पण असं काही नाही म्हणणं हा माणसाच्या अधिकाराचा प्रश्न असतो. भागवतसाहेब म्हणाले, "जीआर अजून आला न्हाई." झालं. जीआर यायचा आहे म्हणजे कार्ड आहे, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"तुमी परस्पर कार्डं वाटून राहिले, अशी तोंडी तक्रार हाय," भागवतसाहेब मला म्हणाले.

"मी व्हिडिओ मिक्सिंग करतो."

"ते जोडधंदा म्हणून करा ना. आमची हरकत न्हाई. पण एजंटगिरी नको."

एजंट! पुरजळकरांच्या घराण्यात पाच पिढ्या देवळाची पूजा झाली, एक काका तहसीलीतून रिटायर झाले, पण एजंट कोणी झालं नव्हतं. मी चिडून मोबाईलवर डब्याचा फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो मोठा करून, आडवा करून, बराच वेळ निरखून पाहिला.

"यावर शिक्का कुठंय?" ते म्हणाले.

शिक्का नसतो म्हटल्यावर "मंग हे कार्ड ग्राह्य धरता येत न्हाई" असा निकाल त्यांनी दिला आणि मला जायला सांगितलं. बाहेर पायऱ्यांवर दोघं-तिघं वाट बघत होते. "काय म्हनले साहेब?" मी म्हणालो, "ग्राह्य नाही म्हणाले." "मंजी त्रुटी निघाली," एकाने दुसऱ्याला समजावलं, "पूर्तता केली की होतं."

आणि अखेर डबा आला. मी गुपचूप आत घेणार होतो, पण कुरिअरवाल्याने गल्लीच्या तोंडावरच "पुरजळकरांचं ग्राफिक कार्ड!" अशी आरोळी ठोकली. बुद्धभूषण जोडायला येईपर्यंत खोली भरली, ओटा भरला, माणसं खिडकीत उभी. पुंजाजीने नारळ आणला. गंगूताई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन पुढे झाल्या आणि मी नको-नको म्हणेपर्यंत त्यांनी डब्याच्या जाळीला सढळ हाताने हळद लावली. वसमतची हळद, तिला काय तोटा? नेमकी जाळीच्या आत पंख्याच्या तोंडाशी मूठभर सांडली.

बुद्धभूषणने बटण दाबलं. पंखे गिरणीसारखे घुमले आणि डब्याने मागच्या बाजूने जे फुंकलं, ते त्याच बाजूला उभ्या असलेल्या माझ्या तोंडावर, पांढऱ्या शर्टावर आणि चष्म्यावर आलं. साठीच्या उंबरठ्यावर मला पुन्हा हळद लागली. लोकांनी उत्स्फूर्त टाळ्या वाजवल्या.

चष्मा पुसून पाहिलं, तर पडद्यावर नवरीचा हार नवरदेवाच्या गळ्यात पडत होता. झरझर. एकदाही न थांबता. अक्षता उडाल्या, भटजींचं तोंड मिटलं, मागे बर्फाचे डोंगर लखलखले. मी आनंदाने वळून म्हणालो, "बघितलं? हेच ते कार्ड!"

सगळे पडद्याकडून डब्याकडे बघायला लागले.

"हे?" गंगूताईंनी विचारलं. "आनि डोळ्याचं?"

मग मला सांगावं लागलं. याआधी नाही-नाही म्हणून कोणी ऐकलं नव्हतं. आता एकदा म्हटलं आणि सगळ्यांना पटलं, कारण डबा समोर होता आणि त्यात कोणाचंच नाव नव्हतं. पुंजाजी म्हणाला, "मला तं आदीपासूनच शंका होती." माणसं आपापली झेरॉक्स उचलून एकेक करून निघाली. शिव्या कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रामजी सगळ्यांत शेवटी उठले. दोनदा एसटीने आलेला माणूस. मी त्यांना म्हणालो, "सरकारी दवाखान्यात शिबिर असतं, मी नाव नोंदवून देतो, सोबत येतो." ते म्हणाले, "ते बराबर हाय. पन बसायला बरं वाटलं बगा तुमच्यापाशी," आणि भिंत चाचपत पायऱ्या उतरले. मला फार लाज वाटली.

आता एक गोष्ट माझ्या आधीच ध्यानात यायला हवी होती. पूर्वी लॅपटॉप अडकायचा, तेव्हा त्याची वाट बघण्यात दिवस जायचा. चहा व्हायचा, नळ बघून व्हायचा. आता एक लग्न दुपारच्या आत हातावेगळं व्हायला लागलं, आणि दुपारनंतर करायला काही नाही. नवीन कामंही आली नाहीत. आजकाल लोक मोबाईलवरच गाणं लावून मोकळे होतात. डब्याचा पंखा बंद केला की खोलीत इतकं शांत व्हायचं की मी तो उगाच चालू ठेवायला लागलो. पसारा वाढलाय म्हणून बायकोला फोन करायचा, तर पसाराच शिल्लक नव्हता.

अशाच एका दुपारी तिचाच फोन आला. एरवी ती संध्याकाळी करते, गुंजनला समोर धरून. या वेळी एकटीच होती.

"अहो, तुम्ही कार्ड काढलं म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"गंगूताईंनी. पंधरा दिवस झाले सांगून. मी वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून." आवाज जरा कापत होता. "त्यात माझं नाव घातलंय का?"

मी डब्याचा पंखा बंद केला.

"का रेशन कार्डातून अनुश्रीचं कमी केलं, तसं माझंही केलं? ती लग्न होऊन गेली, म्हणून तिचं कमी केलं. मी काय लग्न होऊन आले का पुण्याला? किती दिवस झाले, तुम्ही ये म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत. मला वाटलं, असू दे. पण कार्डातून नाव काढायचं म्हणजे…" मग तिने नाक ओढलं आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "अंगठा द्यायला माणूस समोर लागतं ना? मी जावयांना ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायला सांगितलंय. उद्याचं मिळतंय. आधार घेऊन येते."

वाचकहो, यापेक्षा चांगलं निमित्त पुरजळकरांच्या पाच पिढ्यांत कोणाला मिळालं नसेल. नुसतं "हं" म्हणायचं होतं. आमच्या वडिलांनी म्हटलं असतं. पण जिला आपलं नाव घरातून गेलं असं वाटून रडू आलं होतं, तिला अंगठ्याच्या बहाण्याने आणायचं मला जमेना.

"ज्योती, तसं कार्डच नाहीये," मी म्हणालो. "ते लॅपटॉपचं आहे. त्यात कोणाचंच नाव नसतं. रेशन कार्डावर तुझं नाव आहे तिथेच आहे."



"असं होय," ती म्हणाली. "मग तिकीट नको म्हणून सांगते."

"नको. राहू दे तिकीट."

"का? काही काम आहे का?"

"काम काही नाही."

"पाहुणे येणारेत?"

"कोणी येणार नाही. कोणीच येत नाही." मी चष्म्याच्या काडीत राहिलेली हळद नखाने खरवडली. "मला करमत नाही गं. तू ये."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. उच्चारताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, कोण जाणे का.

"येते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण अनुश्री विचारेल ना, कार्ड नाही तर एकाएकी कशाला निघालीस? तिला काय सांगू?"

"सांग, नवऱ्याने बोलावलंय."

ती हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचं हसणं न अडकता ऐकलं.

"ह्याच्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली. "मी आपलं कार्डाचंच सांगते."